दुष्काळात माळावर चारा किती? उपग्रहाच्या आकड्यापासून गवताच्या वजनापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगोला तालुक्यात मेंढपाळांसोबत काम करणाऱ्या एका तरुण अभ्यासकानं २०२३ च्या पावसाळ्यात माळावर गवत किती उगवलं याचा अंदाज उपग्रहचित्रांवरून काढला. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं घेतली, जून ते ऑक्टोबरमधला एनडीव्हीआयचा (लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या परावर्तनावरून काढलेला हिरवेपणाचा निर्देशांक) सर्वांत मोठा आकडा प्रत्येक पिक्सेलसाठी, म्हणजे चित्रातल्या प्रत्येक छोट्या चौकोनासाठी, उचलला आणि दुसऱ्या प्रदेशातल्या अभ्यासातलं समीकरण त्याला लावलं. उत्तर आलं हेक्टरी ११०० किलो वाळलं गवत. २०१९ शी तुलनाही केली. मेंढपाळांचं म्हणणं, याचा तिसरा हिस्सासुद्धा माळावर नव्हता. चूक नेमकी कुठे झाली, आणि हे काम करायचं कसं, असं त्यानं मला लिहून विचारलं. हे उत्तर त्याला.

मेंढपाळ बरोबर आहेत असं धरून सुरुवात करा. त्यांचा रोजचा हिशेब त्याच गवतावर चालतो, आणि तुमचा आकडा पाच पायऱ्या चढून आलेला आहे. त्या पायऱ्यांपैकी निदान तीन दुष्काळातच ढासळतात. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे: उपग्रहाला दिसतो तो हिरवेपणा, मेंढीला लागतो तो चारा. चांगल्या पावसाच्या वर्षी या दोन गोष्टी बऱ्यापैकी हातात हात घालून चालतात. दुष्काळात त्यांची फारकत होते, आणि आपल्याला आकड्याची खरी गरज असते ती नेमकी तेव्हाच.

आधी २०२३ चा पाऊस आठवा. मान्सून उशिरा आला, जुलैत बरा झाला, आणि ऑगस्टमध्ये त्यानं अशी ओढ दिली की १९०१ पासूनच्या नोंदींत तो देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला; देशभराची तूट ३६ टक्के होती. ३१ ऑक्टोबरला राज्यात जे ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले त्यांत सांगोलाही होता. आता माळावर काय घडलं असेल ते बघा. जुलैच्या पावसावर गवत फुटलं, कोवळी पाती आली, माळ हिरवा झाला. एनडीव्हीआयचा सर्वांत मोठा आकडा तुम्हाला मिळाला तो या दिवसांतला. मग तीन-चार आठवडे पाऊस नाही. मुरमाड जमिनीत हातभर खोलीलाही ओल राहत नाही. पाती गुंडाळली, टोकाकडून पिवळी पडली, काडी धरायच्या आतच गवत थांबलं. तुमच्या समीकरणानं मात्र असं गृहीत धरलं की एवढा हिरवा झालेला माळ पुढे नेहमीसारखा वाढत गेला. चांगल्या वर्षात सप्टेंबरअखेरचं शिखर आणि गवताचं वजन यांचं नातं पक्कं असतं, कारण शिखर गाठायला गवताला पूर्ण हंगाम मिळालेला असतो. २०२३ सारख्या वर्षात शिखर म्हणजे केवळ एक उमाळा होता.

म्हणून पहिली दुरुस्ती: सर्वांत मोठा आकडा टाकून द्या आणि पूर्ण हंगामाची बेरीज घ्या. दर दहा दिवसांचं एक स्वच्छ चित्र बनवा, प्रत्येक पिक्सेलचा आलेख काढा, मे महिन्यातल्या उघड्या माळाचा आकडा त्यातून वजा करा आणि उरलेल्या आलेखाखालचं क्षेत्रफळ मोजा. उघड्या मुरमाचाही एनडीव्हीआय शून्य नसतो, ०.१५ च्या आसपास असतो. तो वजा केला नाही तर आपण जमिनीलाच गवत समजून तोलत राहतो. जमिनीचा रंगही इथे घोळ घालतो. त्याच दाटीचं विरळ गवत काळ्या जमिनीवर जास्त हिरवं दिसतं आणि फिकट मुरमावर कमी. एरवी गवत दाट असलं की खालची जमीन झाकली जाते आणि हा फरक बुजतो. दुष्काळात प्रत्येक पिक्सेलमध्ये जमीनच जास्त असते. मातीचा परिणाम कमी करणारा एसएव्हीआय हा निर्देशांक १९८८ पासून उपलब्ध आहे. विरळ माळासाठी मी तो किंवा त्याची सुधारित आवृत्ती वापरतो, आणि तरीही मुरमाड माळ आणि काळ्या जमिनीवरची पडीक शेतं यांची गणितं वेगळीच ठेवतो.

दुसरी गोष्ट एका तपशिलाची आहे, पण तिनं पुष्कळांचं काम बिघडवलं आहे. तुम्ही २०२३ ची तुलना २०१९ शी केल्याचं लिहिलंय. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या चित्रांमधल्या मूळ आकड्यांत १००० मिळवले जातात. परावर्तनाच्या भाषेत ०.१. हे वजा न करता एनडीव्हीआय काढला तर काय होतं पाहा. लाल प्रकाशाचं परावर्तन ०.१२ आणि जवळच्या अवरक्त प्रकाशाचं ०.२४ असेल तर खरा एनडीव्हीआय (दोन्हींतला फरक भागिले दोन्हींची बेरीज) ०.३३ येतो. दोन्हीत ०.१ मिसळलं की तोच ०.२१ होतो. म्हणजे २०२२ नंतरचं प्रत्येक वर्ष आपोआप दुष्काळी दिसायला लागतं. गूगल अर्थ इंजिनमध्ये (उपग्रहचित्रांवर ऑनलाइन काम करायची सोय) 'हार्मोनाइज्ड' नावाचा संच निवडला की ही दुरुस्ती झालेली असते. चित्रं स्वतः उतरवून घेतली असतील तर ती आपल्याला करावी लागते. तुमच्या हिशेबात ही चूक राहिली असेल तर तिनं आकडा खाली ओढला असणार, आणि शिखराच्या चुकीनं वर. दोन चुका एकमेकींना झाकतात तेव्हा त्या सापडणं सर्वांत कठीण, म्हणून हे आधी तपासा. शिवाय भारताची वातावरणीय दुरुस्ती केलेली चित्रं सुरुवातीला डिसेंबर २०१८ पासूनच तयार होऊ लागली. त्याआधीच्या वर्षांसाठी तुमच्या हाती नेमकी कोणती चित्रं आहेत हे बघितल्याशिवाय तुलना करू नका. दुष्काळात हवेत धूळ असते. दुरुस्ती न केलेल्या चित्रात ती धूळ गवताचा हिरवेपणा खाते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, कारण माझ्या अनुभवात सर्वांत मोठी चूक इथेच होते. जे हिरवं आहे ते गवत आहे का?

२०१२-१३ च्या दुष्काळात मी माण तालुक्यात काम करत होतो. नकाशावर ओढ्याच्या कडेनं आणि एका गायरानाच्या खालच्या अंगाला ठसठशीत हिरवे पट्टे दिसत होते. आजूबाजूचा माळ करपलेला, आणि हे पट्टे फेब्रुवारीतही हिरवे. मी आमच्या टिपणात तिथे 'शिल्लक चारा' असं लिहिलं होतं. प्रत्यक्ष गेलो तर सगळी वेडी बाभूळ. तिची मुळं खोल जातात, पाऊस नसला तरी ती हिरवी राहते, तिचा पाला मेंढ्या खात नाहीत. खातात त्या फक्त वाळलेल्या शेंगा. तिथे कळप घेऊन बसलेले एक आजोबा म्हणाले, "सायेब, हिरवं लई दिसतंय, पर त्वांडात घालाय काय न्हाय." ते टिपण मी त्या रात्री बदललं. त्यानंतर कुठल्याही दुष्काळी नकाशावर मी आधी एक काम करतो: मार्च-एप्रिलमध्ये जे पिक्सेल हिरवे आहेत ते सगळे गवताच्या हिशेबातून बाहेर काढतो. आपल्या माळावरचं गवत तोवर पूर्ण वाळलेलं असतं. उन्हाळ्यात जे हिरवं आहे ते झाड आहे, झुडूप आहे किंवा पाणी दिलेलं पीक आहे. चाळणी साधी आहे, पण तिच्या तोडीचं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

सांगोल्यात हे अधिकच महत्त्वाचं. डाळिंबाच्या बागा ठिबकवर वर्षभर हिरव्या असतात. कालव्याच्या बाजूला ऊस आहे. माळावर वनीकरणासाठी लावलेला गिरिपुष्प आहे. तालुक्याची सरासरी घेतली की हे सगळं मिसळतं आणि माळ करपलेला असूनही सरासरी 'बरी' दिसते. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत वनस्पतींच्या स्थितीचे उपग्रहाधारित निर्देशांक निकष म्हणून घेतले आहेत, आणि ते योग्यच झालं. पण ते पिकांचा दुष्काळ ठरवण्यासाठी आहेत. माळाचा दुष्काळ त्यांतून वाचायचा असेल तर माळाची हद्द आपणच आखायला हवी. सरकारी नकाशात हे माळ बहुतेक ठिकाणी 'पडीक' म्हणून नोंदलेले असतात, म्हणजे ज्या जमिनीवर हजारो मेंढ्या जगतात तिची नोंद काहीच न पिकणारी जमीन अशी होते. हे मला वर्षानुवर्षं खटकत आलं आहे. पडीक नोंदीवर विसंबून हद्द आखू नका. मेंढपाळांना घेऊन नकाशावर बसा. कुठला माळ कुणाचा कळप कुठल्या महिन्यात चारतो हे ते बोटानं दाखवतील.

झाडं वगळल्यावरही प्रश्न संपत नाही. पावसाच्या उघडिपीनंतर सप्टेंबरात दोन सरी आल्या की माळ पुन्हा हिरवा होतो, पण तेव्हा जे उठतं त्यात टाकळा असतो, गाजर गवत असतं, बारीकसारीक हंगामी तण असतं. मारवेल आणि पवन्या यांसारख्या चांगल्या बहुवर्षायू गवतांचे ठोंब तोवर दमलेले असतात. कुसळीचं तर आणखी वेगळं: कोवळी असताना मेंढ्या खातात, कुसळं धरली की तीच तोंडाला आणि लोकरीला टोचतात. म्हणजे गवत तेच, वजन तेच, पण ऑगस्टमध्ये तो चारा आणि ऑक्टोबरमध्ये अडचण. उपग्रहाच्या दृष्टीनं हे सगळं एकच हिरवं. यावर उपाय फक्त जमिनीवरचा आहे: कापलेल्या प्रत्येक नमुन्याचे दोन ढीग करा, खाण्याजोगं आणि न खाण्याजोगं, आणि दोन्ही वेगळे तोला. कुठलं कुठे टाकायचं हे मेंढपाळाला ठरवू द्या. वनस्पतिशास्त्राची यादी इथे दुय्यम आहे.

आणि आता उलटी बाजू, जिच्याकडे फारच कमी लक्ष जातं. हिरवं नाही म्हणजे चारा नाही, असंही नाही. नोव्हेंबरपासून मेपर्यंत माळावरचा सगळा चारा वाळलेला असतो. एनडीव्हीआयच्या लेखी उभं वाळलं गवत आणि उघडा मुरूम जवळजवळ सारखेच. कळपाचं भवितव्य ठरतं ते याच सहा-सात महिन्यांत, आणि तेव्हा आपलं नेहमीचं साधन आंधळं असतं. वाळल्या गवतातल्या सेल्युलोज आणि लिग्निनची खूण २१०० नॅनोमीटरच्या आसपास उमटते. सेंटिनेल-२ मध्ये १६१० आणि २१९० नॅनोमीटरचे दोन लघुलहरी अवरक्त पट्टे आहेत, २० मीटर पिक्सेलचे. पहिल्यातून दुसरा वजा करून दोघांच्या बेरजेनं भागलं की वाळल्या काडीचा एक कच्चा निर्देशांक मिळतो. कच्चा म्हणतो, कारण चिकणमातीही २२०० नॅनोमीटरच्या आसपासच प्रकाश शोषते आणि ओल त्यात आणखी गोंधळ घालते. म्हणून तो डिसेंबर ते मार्च या कोरड्या काळात, एकाच प्रकारच्या जमिनीपुरता वापरावा, आणि दोन तारखांमधला फरक वाचावा. एकट्या तारखेचा आकडा वाचू नये. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तो जिथे झपाट्यानं घसरला तिथे कळप बसले होते किंवा माळ पेटला होता. जळालेला माळ चित्रात काळा दिसतो, त्यामुळे तो वेगळा ओळखता येतो.

इथे दोन शब्द वेगळे करायला हवेत, कारण तुमचा आणि मेंढपाळांचा वाद थोडाफार यामुळेही असू शकतो. हंगामात किती उगवलं ती उत्पादकता. आज किती उभं आहे तो साठा. ५०० किलो उगवलं आणि उगवता उगवता मेंढ्यांनी ३०० खाल्लं, तर माळावर २०० दिसेल. मेंढपाळ साठ्याबद्दल बोलतात, तुम्ही उत्पादकता मोजली. चराई जोराची असेल तर उपग्रहाला दिसणारा कमी हिरवेपणा पावसाच्या अभावानं आला की दातांनी, हे चित्रावरून कळत नाही. दुष्काळात तर कळप पाण्याभोवती गोळा होतात, त्यामुळे पाणवठ्याजवळचा माळ पावसाच्या मानानं जास्त सुकलेला दिसतो. दोन्ही मोजायचं तर एकच मार्ग आहे, पिंजरा. एक मीटर लांब-रुंद जाळीचा पिंजरा माळावर रोवून ठेवायचा; आतलं गवत म्हणजे उगवलेलं, बाहेरचं म्हणजे उरलेलं. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातल्यासारखे राखलेले गवताचे तुकडे जवळ असतील तर तेही संदर्भ म्हणून कामी येतात. मात्र तिथली जमीन आणि तुमचा माळ यांची जात एक आहे का, ते आधी बघा.

समीकरणाबद्दल. एनडीव्हीआयवरून थेट किलो काढणारी समीकरणं ज्या माळावर, ज्या वर्षी बनली त्याबाहेर ती फार लांब नेता येत नाहीत. त्यापेक्षा प्रकाशाचा हिशेब मला जास्त प्रामाणिक वाटतो. माँटीथ या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात मांडलेली कल्पना साधी आहे: वनस्पती किती प्रकाश शोषते आणि शोषलेल्या प्रकाशाचं किती वस्तुमानात रूपांतर करते, या दोन्हींचा गुणाकार म्हणजे वाढ. एक नमुना मांडतो. आकडे उदाहरणादाखल आहेत. दिवसाला चौरस मीटरवर १८ मेगाज्यूल ऊन पडतं. त्यातला साधारण निम्मा, ९ मेगाज्यूल, प्रकाशसंश्लेषणाच्या कामाचा. विरळ गवत त्यातला ३० टक्के शोषतं असं एनडीव्हीआयवरून आलं, म्हणजे २.७. प्रत्येक मेगाज्यूलमागे एक ग्रॅम वाळलं वस्तुमान धरलं आणि पाण्याच्या ताणापायी ते निम्म्यावर आलं, तर १.३५ ग्रॅम. त्यातलं निम्मं मुळांत गेलं. जमिनीवर उरलं चौरस मीटरला ०.६७५ ग्रॅम, म्हणजे हेक्टरी रोज पावणेसात किलो. असे साठ दिवस मिळाले तर सुमारे ४०० किलो.

या साखळीत एनडीव्हीआय फक्त एका कडीपुरता आहे. पाण्याच्या ताणाचा गुणक ०.५ ऐवजी ०.८ धरला तर तेच उत्तर ६५० च्या जवळ जातं. दुष्काळात अंदाज फसतो तो बहुतेक वेळा या गुणकात. कारण असं की पाणी कमी पडलं की गवत आधी पानांची रंध्रं मिटतं, वाढ थांबते, आणि रंग उडायला त्यानंतर आठवडा-दोन आठवडे लागतात. त्या मधल्या काळात माळ हिरवा दिसतो पण वाढत नसतो. तो काळ पकडायचा तर तापमान बघावं. बाष्पोत्सर्जन थांबलं की गवत तापतं. लँडसॅट ८ आणि ९ या अमेरिकी उपग्रहांचे औष्णिक पट्टे मूळ १०० मीटरचे आहेत, नासाच्या मोडिस या उपग्रहसंवेदकाचं रोजचं तापमान एक किलोमीटरचं. रंग तोच, पण शेजारच्या आठवड्यांपेक्षा पृष्ठभाग चार-पाच अंशांनी तापलेला, असं दिसलं की गुणक खाली आणा. हंगामाभर एकच गुणक लावणं ही तुमच्या पद्धतीतली दुसरी मोठी त्रुटी मला वाटते. समीकरणात तो दिसत नाही, पण लपलेला असतोच.

आलेलं उत्तर पावसाशी ताडून बघायची सवय ठेवा. कोरड्या प्रदेशांतल्या माळांवर प्रत्येक मिलिमीटर पावसामागे हेक्टरी सरासरी ४ किलोच्या आसपास वाळलं गवत येतं, असा ल ऊएरू या चराऊ माळांच्या अभ्यासकाचा १९८४ चा ढोबळ आकडा आहे. झिजलेल्या माळांवर तो एक-दोन किलोपर्यंत उतरतो. समजा तुमच्या महसूल मंडळात ३०० मिलिमीटर पाऊस झाला. ११०० किलो म्हणजे मिलिमीटरमागे ३.७ किलो. सांगोल्याच्या झिजलेल्या मुरमाड माळावर, तेही पावसात महिनाभराचा खंड असताना? हा एक भागाकार आधी केला असता तर मेंढपाळांनी सांगायच्या आधीच शंका आली असती. पाऊस घेताना मंडळाच्या केंद्राचा घ्या. चर्प्ससारख्या उपग्रहाधारित पर्जन्यसंचाचा एक चौकोन साधारण साडेपाच किलोमीटरचा असतो आणि आपल्याकडचा वळीव त्याहून लहान पट्ट्यात पडून जातो.

सलग दुसऱ्या वर्षाचा दुष्काळ असेल तर आणखी सावध राहा. २०१४ आणि २०१५ ही वर्षं पाठोपाठ कोरडी गेली. पहिल्या वर्षी ठोंब जगतात, फक्त वाढत नाहीत. दुसऱ्या वर्षी उपाशी मेंढ्या ते मुळापर्यंत खातात आणि बरेच ठोंब मरतात. त्यामुळे तेवढ्याच पावसात दुसऱ्या वर्षी कमी गवत येतं, आणि पहिल्या वर्षाच्या नमुन्यांवर बसवलेलं गणित जास्त सांगतं. चांगला पाऊस परतल्यावरही माळाला सावरायला वेळ लागतो, आणि त्या काळात हिरवेपणा मात्र तणांमुळे झटकन परततो.

उपग्रह कुठला, हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात. माझ्या लेखी तो सर्वांत शेवटी येतो. आपले माळ तुकड्यातुकड्यांचे आहेत, मध्ये बांध, विहिरी, बागा. तेव्हा १० मीटरचा सेंटिनेल-२ हद्दीसाठी आणि चालू हंगामासाठी. जुन्या वर्षांशी तुलनेसाठी ३० मीटरचा लँडसॅट. २००० पासूनची सलग मालिका हवी तर २५० मीटरचा मोडिस, पण त्याचा एक पिक्सेल सव्वासहा हेक्टरचा असतो, त्यात निव्वळ माळ क्वचितच मावतो. शिवाय मोडिस ज्यावर बसवला आहे त्या टेरा उपग्रहाची येण्याची वेळ २०२० नंतर बदलत गेली आहे, म्हणून अलीकडच्या वर्षांत मोडिसचा कल वाचताना व्हीआयआयआरएस या त्याच प्रकारच्या नव्या संवेदकाशी पडताळा घ्या. पावसाळ्यात ढग असतात, आणि सोलापूरकडे तर पाऊस न देणारे ढगही दिवसेंदिवस ठाण मांडतात. त्यावर उतारा म्हणून सेंटिनेल-१ चं रडार पुष्कळ जण सुचवतात. उंच, दाट कुरणात त्याचा उपयोग होतो. आपल्या गुडघ्याएवढ्याही न वाढलेल्या विरळ गवतात रडारला गवतापेक्षा मातीची ओल जास्त जाणवते. ओलीसाठी जरूर वापरा, वजनासाठी नको.

जमिनीवरची मापं कशी घ्यावीत? चौकट एक मीटर बाय एक मीटर. जिथे चहूबाजूंनी निदान तीस मीटरपर्यंत माळ एकसारखा आहे अशाच जागा निवडा, कारण मोबाइलचं जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतं आणि पिक्सेल १० मीटरचा आहे. एका जागी एक चौकट कधीच पुरत नाही. दुष्काळात गवत इतकं ठिपक्याठिपक्यांत असतं की एक चौकट रिकामी आणि शेजारची भरलेली निघते. तीस चौकटी टाका, त्यांतल्या सगळ्यांचा नजरेनं अंदाज लिहा आणि सहा-सात प्रत्यक्ष कापून तोला. तोललेल्यांवरून नजरेचा अंदाज दुरुस्त करून घ्या. कापलेलं गवत भट्टीत ६० ते ७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. उन्हात वाळवलेल्या गवतात दमटपणा उरतो आणि ऑगस्टचं व नोव्हेंबरचं वजन तुलनेला एका पातळीवर येत नाही. आणि हे नमुने दुष्काळी वर्षातच घ्या. चांगल्या वर्षाच्या नमुन्यांवरून दुष्काळाचं गणित बसवणं म्हणजे भरल्या विहिरीच्या खुणांवरून तळातलं पाणी सांगण्यासारखं आहे.

उत्तर देताना एकच आकडा देऊ नका. उत्तर केन्यातल्या मार्साबिटमध्ये २०१० पासून पशुपालकांसाठी उपग्रहाच्या हिरवेपणावर आधारलेला विमा सुरू झाला. २०११ च्या मोठ्या दुष्काळात त्यानं पैसे दिलेही, पण निर्देशांक आणि प्रत्यक्ष नुकसान यांतली तफावत हा त्याचा कायमचा कळीचा प्रश्न राहिला: नकाशावर हिरवं, गोठ्यात मेलेली जनावरं, आणि भरपाई नाही. आपल्याकडेही असा आकडा कुणाच्या तरी निर्णयात जातो. चारा छावणीचा हिशेब मोठ्या जनावरांभोवती बांधलेला असतो. मेंढपाळ माळावरच असतो, आणि माळावर ११०० किलो आहे असं कागदावर दिसलं तर त्याच्यासाठी काही करायची निकड कुणालाच वाटणार नाही. म्हणून मी नेहमी दिवसांत सांगतो. वरच्या उदाहरणातले ४०० किलो घ्या. त्यातलं खाण्याजोगं आणि ठोंबाला धक्का न लावता काढता येण्याजोगं ४० टक्के धरा, १६० किलो. तीस किलोची मेंढी रोज साधारण एक किलो वाळला चारा खाते. शंभर मेंढ्यांच्या कळपाला एक हेक्टर दीड दिवस पुरेल. शंभर हेक्टरचा माळ सव्वापाच महिने, तेही तो एकाच कळपाचा असेल तर. मग पाण्याच्या ताणाचा गुणक खाली-वर करून हाच हिशेब पुन्हा करा आणि 'चार ते सात महिने' असं लिहा. मेंढपाळाला यातून कळतं की कोकणाकडे दिवाळीनंतर उतरायचं की आधीच निघायचं, आणि तालुक्याच्या कचेरीत बसलेल्या माणसालाही ते कळतं.

तुमच्या २०२३ च्या आकड्यापुरतं सांगायचं तर: हार्मोनाइज्ड संच घेऊन पुन्हा सुरुवात करा, एप्रिलमधले हिरवे पिक्सेल काढून टाका, शिखराऐवजी हंगामाची बेरीज घ्या, ऑगस्टमधल्या दहा-दहा दिवसांच्या तिन्ही टप्प्यांसाठी ताणाचा गुणक वेगळा लावा. माझा अंदाज, उत्तर ३०० ते ५०० किलोंच्या दरम्यान येईल, आणि त्यातलं चरून झालेलं वजा केलं की मेंढपाळ म्हणतात तिथे तुम्ही पोहोचाल. त्या वर्षाचे कापलेले नमुने तुमच्याकडे नाहीत, तेव्हा याहून पक्कं उत्तर आता मिळणार नाही. पुढच्या हंगामासाठी मात्र मृगाच्या आधी, रोहिणीत, पंधरा-वीस पिंजरे माळावर रोवून घ्या. जागा मेंढपाळांकडून ठरवून घ्या आणि पिंजऱ्यांवर लक्ष ठेवायला त्यांनाच सांगा. मी पाहिलेल्या कामांत ज्या पिंजऱ्यांची जागा त्यांनी निवडली तेच ऑक्टोबरपर्यंत उभे राहिले.